सिंगापूरमधील सक्तीची लष्करी सेवा: कोणत्या कामातून काय हाती लागते

सिंगापूरमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबात मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा झाला की घरातल्या बोलण्यात ‘एनएस’ हा शब्द वारंवार येऊ लागतो. नॅशनल सर्व्हिस, म्हणजे राष्ट्रीय सेवा, येथे १९६७ पासून सक्तीची आहे. आपल्याकडे अशी सक्ती नसल्यामुळे आईवडिलांजवळ या बाबतीत अनुभवाची शिदोरी नसते. फार तर महाविद्यालयातल्या एनसीसीच्या आठवणी असतात आणि त्या येथे फारशा उपयोगी पडत नाहीत. त्यामुळे ‘ऑफिसर झाला तर बरे, नाही तर दोन वर्षे फुकट’ असा हिशेब बहुतेक घरांत मांडला जातो. माझ्या घरीही तो मांडला गेला होता आणि तो चुकीचा निघाला. या सेवेतून काय मिळते हे हुद्द्यापेक्षा रोजच्या कामावर अधिक ठरते. म्हणून कोणत्याही नेमणुकीचा विचार करताना मुलगा सकाळपासून संध्याकाळपर्यंत नेमके काय करणार, ते काम कोणाच्या देखरेखीखाली होणार आणि त्याची नोंद कोठे राहणार, हे तीन प्रश्न आधी विचारावेत.

ही सेवा कोणाला लागू आहे हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे, कारण याबाबत गैरसमज पुष्कळ आहेत. सिंगापूरचे पुरुष नागरिक आणि आईवडिलांच्या अर्जातून कायम रहिवासी झालेले मुलगे यांना ती करावी लागते. स्वतःच्या नोकरीच्या आधारावर कायम रहिवासी झालेल्या वडिलांना तीतून सूट असते. मुलगा भारतीय पारपत्रावर असला तरी त्याने फरक पडत नाही. साडेसोळाव्या वर्षी नोंदणीचे पत्र येते आणि अठराव्या वर्षानंतर भरती होते. ए लेव्हल, म्हणजे येथील बारावी, किंवा पॉलिटेक्निकची पदविका पूर्ण करण्यासाठी मुदत मिळू शकते, पण विद्यापीठातील पदवीसाठी ती मिळत नाही. बारावीनंतर पुण्याला अभियांत्रिकीला पाठवू आणि मग पाहू, असे मनात असेल तर तो बेत येथेच थांबतो. तेराव्या वर्षापासून दीर्घकाळ परदेशी राहण्यासाठीही परवाना लागतो. नियम मोडणाऱ्यास दहा हजार डॉलरपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सेवा न करता कायम रहिवासाचा त्याग केल्यास पुढे येथे शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी केलेल्या अर्जावर त्याचा विपरीत परिणाम होतो.

भरतीपूर्वीची तयारी

सेवेचा कालावधी चोवीस महिन्यांचा आहे. २००४ च्या डिसेंबरपूर्वी कॉर्पोरल व त्यावरील हुद्द्यांना तीस महिने द्यावे लागत असत, म्हणजे ऑफिसर होण्याची किंमत सहा महिन्यांनी अधिक होती. आता कालावधी सर्वांना सारखा आहे. मात्र तो दोन महिन्यांनी कमी करून घेण्याचा एक मार्ग मुलाच्या स्वतःच्या हातात असतो आणि या सर्व व्यवहारातला तो सर्वांत खात्रीचा लाभ आहे. भरतीपूर्वी शारीरिक क्षमतेची चाचणी ठरलेल्या गुणांनी उत्तीर्ण झालेल्या तंदुरुस्त मुलाचे आठ आठवडे वाचतात. या चाचणीत एक मिनिट जोर, एक मिनिट सिट-अप हा पोटाचा व्यायाम आणि २.४ किलोमीटर धावणे असते. एकूण शंभर गुणांपैकी पन्नास धावण्याला आहेत आणि ६१ गुण मिळवावे लागतात. शेवटच्या परीक्षेनंतर मुलगा झोपा काढत असेल, तर त्याच महिन्यांत आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी धावायला जाण्याचे दोन महिन्यांचे मोल त्याला समजावून सांगावे.

वैद्यकीय तपासणीत श्रेणी ठरते आणि ती पुढच्या सर्व शक्यतांची चौकट आखते. आजवरच्या पद्धतीत ए आणि बी-१ श्रेणीच्या मुलांना लढाऊ कामांसह सर्व कामे खुली असतात, तर सी आणि ई श्रेणीच्या मुलांना मुख्यतः कार्यालय, भांडार, वाहतूक अशी साहाय्यक कामे मिळतात. वर्गवारीचे तपशील बदलत असतात, म्हणून शेजारच्या मुलाच्या वेळी काय झाले यापेक्षा आपल्याला आलेल्या पत्रात काय लिहिले आहे ते पाहावे. येथे एक आग्रहाची सूचना करतो. दमा, चक्कर येण्याचा इतिहास, जुने अस्थिभंग यांपैकी काहीही लपवू नये. लढाऊ तुकडी मिळावी म्हणून दमा लपवणारे मुलगेही असतात आणि आरामाचे काम मिळावे म्हणून पाठदुखी फुगवून सांगणारेही. दोघांनाही पुढे ते जड जाते.

लष्कर, पोलीस आणि नागरी संरक्षण या तिन्ही दलांतील कामांविषयी आवड नोंदवण्याची सोय २०१६ पासून उपलब्ध आहे. नेमणूक प्रथम दलाच्या गरजेवर, नंतर प्रकृती व योग्यतेवर आणि त्यानंतर आवडीवर ठरते. तरीही तो अर्ज कंटाळून भरू नये. प्रत्येक कामापुढे मुलाने स्वतः एक वाक्य लिहावे: हे काम मला का हवे आहे? ज्या कामापुढे वाक्य सुचत नाही, ते यादीत खाली टाकावे. शाकाहाराची नोंदही वेळेवर करावी. छावणीत शाकाहारी जेवण मिळते, पण त्यासाठी नाव आधी यादीत असावे लागते.

टेकाँगचे नऊ आठवडे

भरतीच्या दिवशी बहुतेक मुलांचे आईवडील त्यांच्याबरोबर चांगीच्या धक्क्यावरून बोटीने टेकाँग बेटावर जातात. तेथे बराकीतली खाट पाहायला मिळते, मुले एकसाथ हात उंचावून शपथ घेतात आणि मग मोठ्या भोजनगृहात आईवडील आपल्या मुलासमोर बसून छावणीचे जेवण जेवतात. माझ्या समोरचा मुलगा भाताला हात न लावता नुसता पाणी पीत होता आणि त्याची आई ‘अरे, निदान वरण तरी घे’ असे मराठीतून हळूच सांगत होती. त्यानंतर पालकांची बोट परत निघते आणि मुलांच्या डोक्यावर यंत्र फिरते.

मूलभूत प्रशिक्षण सामान्यतः नऊ आठवड्यांचे असते. ज्यांची शारीरिक तयारी कमी पडते त्यांचे अधिक लांबते. रायफल चालवणे, मोकळ्या रानात मुक्काम, खंदक खणणे आणि शेवटी २४ किलोमीटरची कूच हे बहुतेकांना करावे लागते. पुढच्या नेमणुकीच्या दृष्टीने येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नेतृत्वाच्या प्रशिक्षणासाठी मुले निवडताना वरिष्ठांच्या मताबरोबर सहकाऱ्यांनी एकमेकांविषयी दिलेले मतही विचारात घेतले जाते. साहेब समोर असताना धडपडणाऱ्याला येथे ‘वायांग’ म्हणतात. मूळ मलय शब्द नाटकासाठी आहे. अंग चोरण्यासाठी दुखण्याचे सोंग करणाऱ्याच्या करणीला ‘केंग’ हा होक्किएन शब्द आहे. ही दोन्ही विशेषणे खोलीतली मुलेच लावतात आणि ती सहजासहजी पुसली जात नाहीत.

ऑफिसर आणि सार्जंट

ऑफिसर कॅडेट स्कूलमधील प्रशिक्षण ३८ आठवडे चालते आणि त्यात ब्रुनेईच्या जंगलातील शिक्षणाचाही भाग असतो. स्पेशालिस्ट कॅडेट स्कूलमध्ये सार्जंट तयार होतात आणि तो अभ्यासक्रम २२ आठवड्यांचा आहे. येथे साधी वजाबाकी करून पाहावी. टेकाँगचे दोन महिने आणि ऑफिसरचे नऊ महिने गेल्यावर प्रत्यक्ष तुकडी हाताळायला जेमतेम वर्षभर उरते. सार्जंटला तेच काम त्याहून तीन-चार महिने अधिक मिळते. ऑफिसरच्या हाताखाली सुमारे तीस जणांची प्लॅटून असते, तर सार्जंटच्या हाताखाली सात जणांची सेक्शन.

या दोन हुद्द्यांतून मिळणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या आहेत. ऑफिसर योजना आखणे, आदेश लिहिणे, वीस मिनिटांत परिस्थिती मांडून सांगणे आणि चूक आपल्या नावावर घेणे शिकतो. सार्जंटला माणसे कळतात. सातांपैकी कोणाच्या घरी भांडण चालू आहे, कोणाच्या पायाला फोड आले आहेत आणि कोणाला ओरडून सांगितले तर तो अधिकच गोंधळतो, हे त्याला रोज पाहावे लागते. ज्याला पुढे कारखान्यात, रुग्णालयात किंवा बांधकामावर माणसांकडून काम करवून घ्यायचे आहे, त्याच्यासाठी सार्जंटची फीत ऑफिसरच्या पट्टीपेक्षा उपयोगी ठरते असे माझे मत आहे. आपल्या समाजात मात्र पट्टीचे कौतुक अधिक आहे आणि ते लगेच कमी होईल असे वाटत नाही.

लढाऊ तुकड्या

पायदळ, गार्ड्स, चिलखती दल, सॅपर (लष्करी अभियंते) आणि तोफखाना यांत साधा जवान म्हणून गेलेल्या मुलाच्या हाती प्रमाणपत्र म्हणून दाखवण्याजोगे थोडेच येते. त्याला मिळते ती शारीरिक सहनशक्ती आणि दोन रात्री झोप नसतानाही ठरलेली कृती ठरलेल्या क्रमाने करण्याची सवय. याशिवाय अशी मैत्री मिळते की ज्यात कोणाचा बाप काय करतो हे कोणी विचारत नाही. खासगी बंगल्यातला मुलगा आणि दोन खोल्यांच्या सरकारी घरातला मुलगा एकाच खड्ड्यात बसून एकाच पाकिटातले जेवण जेवतात. परदेशातल्या आपल्या वसाहतीत वाढलेल्या मुलांना हा अनुभव अन्यत्र क्वचितच मिळतो.

तोफखान्याबाबत मराठी वाचकाला एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. लांब पल्ल्याच्या तोफा डागण्याइतकी मोकळी जागा सिंगापूरमध्ये नाही, म्हणून येथील तोपची सरावासाठी परदेशी जातात आणि त्यांतले एक ठिकाण म्हणजे नाशिकजवळचे देवळाली. भारत आणि सिंगापूरच्या तोफखान्यांचा ‘अग्नी वॉरियर’ हा संयुक्त सराव तेथील मैदानावर होतो. २०२४ च्या नोव्हेंबरातला सराव तेरावा होता. तोफखान्यातला प्रत्येक जण तेथे जातोच असे नाही. परंतु आजोळ नाशिकचे आणि नेमणूक सिंगापूरच्या तोफखान्यात, असा योग कोणाच्या वाट्याला आलाच तर आजीला भेटायला सुटी मिळेल अशी आशा मात्र बाळगू नये.

मेडिक, अग्निशामक, पोलीस

मोजून दाखवता येईल असे शिक्षण हवे असेल, तर मेडिकचे, म्हणजे तुकडीतल्या वैद्यकीय साहाय्यकाचे, काम माझ्या यादीत सर्वांत वर आहे. रक्तस्राव थांबवणे, शिरेत सलाइन लावणे, हृदय बंद पडल्यास छाती दाबणे आणि विद्युत झटक्याचे यंत्र वापरणे हे सर्व तेथे पद्धतशीर शिकवले जाते. त्याहूनही मोठी गोष्ट म्हणजे निर्णय. दुपारी दोनच्या दमट उन्हात कूच चालू असताना एखादा जवान ‘डोके फिरते’ म्हणतो, सार्जंटला ते केंग वाटते आणि एकोणीस वर्षांच्या मेडिकला दोघांच्या मध्ये उभे राहून तापमान मोजावे लागते, प्रश्न विचारावे लागतात आणि शंका असेल तर सरावाची शिस्त बाजूला ठेवून त्या मुलाला सावलीत झोपवून थंड पाण्याने भिजवावे लागते. उष्माघातात काही मिनिटांचा उशीरही जिवावर बेततो. परिचर्या, फिजिओथेरपी किंवा वैद्यक या क्षेत्रांकडे मन असलेल्या मुलाला हे काम आपल्याला जमते की नाही हे विद्यापीठाची फी भरण्यापूर्वीच कळते. येथील विद्यापीठात वैद्यकाला प्रवेश मिळालेल्यांची व्यवस्था वेगळी आहे. त्यांची सेवा मध्येच थांबते, शिक्षण पूर्ण होते आणि उरलेला काळ ते लष्करात डॉक्टर म्हणून भरून काढतात.

नागरी संरक्षण दलात गेलेल्या मुलाचा प्रतिस्पर्धी काल्पनिक शत्रू नसतो. ९९५ या आग व रुग्णवाहिकेसाठीच्या क्रमांकावर खराखुरा फोन येतो. अग्निशमन केंद्रात चोवीस तास काम आणि त्यानंतर अठ्ठेचाळीस तास सुटी, असा क्रम असतो. या दोन मोकळ्या दिवसांचे काय करावे हे ज्याला आधी ठरवता आले, त्याने दुहेरी लाभ मिळवला असे समजावे. रुग्णवाहिकेवर नेमणूक झालेल्या मुलांना वयाच्या विसाव्या वर्षी मृत्यू जवळून पाहावा लागतो. घरी आल्यावर ती गप्प राहिली तर प्रश्नांचा भडिमार करू नये, जेवायला वाढावे.

पोलीस दलातील मुलांना स्पेशल कॉन्स्टेबल म्हणतात. शेजाऱ्यांची भांडणे, दारू प्यालेला माणूस, हरवलेली वृद्ध बाई यांच्याशी शांतपणे बोलणे हेच तेथील मुख्य शिक्षण आहे. येथील शाळांत मातृभाषेच्या तासाला मराठी उपलब्ध नसल्यामुळे आपली बरीच मुले हिंदी शिकतात. शाळेत कंटाळवाणी वाटलेली ती हिंदी एखाद्या घाबरलेल्या भारतीय कामगाराशी बोलताना एकाएकी कामाला येते. कायदा किंवा समाजकार्य शिकू इच्छिणाऱ्याने या नेमणुकीला नाक मुरडू नये.

भांडार, कार्यालय, वाहन

आता ज्या कामांचे नाव आईवडील नातेवाइकांना सांगायला लाजतात, त्यांच्याकडे वळू. माझा थोरला मुलगा भांडारात होता. वर्षभर मी गावाकडे ‘तो लॉजिस्टिक्समध्ये आहे’ असे सांगत असे आणि ‘स्टोअरमन’ हा शब्द टाळत असे. लष्कराच्या भाकऱ्या भाजणे ही आपली म्हण मला त्या काळात फार आठवत होती. अर्थात येथील छावण्यांची भोजनगृहे कंत्राटदार चालवतात, त्यामुळे खऱ्या भाकऱ्या कोणालाच भाजाव्या लागत नाहीत.

एका शुक्रवारी तो उशिरा घरी आला. कंपनीतले सर्व जवान ‘बुक आउट’ करून, म्हणजे सुटीवर, निघून गेले होते आणि एका दुर्बिणीचे झाकण मोजणीत कमी भरत होते. तीन तास शोधल्यावर ते सापडले, कारण त्याने कोणत्या पेटीत काय ठेवले, कोणी सही केली आणि परत करताना कोणाची सही नव्हती, हे ओळीने लिहून ठेवले होते. तेव्हा मला कळले की एका वस्तूची जबाबदारी अंगावर असणे म्हणजे काय, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले समजते. मी स्वतः लेखापाल आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. शस्त्रागारात काम करणाऱ्याची जबाबदारी तर याहून कडक असते. भारतीय लष्करात शस्त्रागाराला ‘कोत’ म्हणतात, हे एनसीसीत गेलेल्यांना आठवत असेल. येथेही त्याला ‘आर्म्सकोट’च म्हणतात.

कार्यालयीन साहाय्यकाचे काम सकाळी सुरू होऊन संध्याकाळी संपते आणि बऱ्याच जणांना रोज घरी जाता येते. या कामाचा खरा नफा त्या मोकळ्या संध्याकाळी हाच आहे. जवानांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रमांची ई-प्रेप नावाची योजना आहे. हिशेबाचा, संगणकाचा किंवा एखाद्या भाषेचा अभ्यासक्रम या काळात पूर्ण करता येतो. मात्र संध्याकाळी भ्रमणध्वनीवर खेळ खेळण्यात गेल्या, तर या नेमणुकीतून खरोखरच काही मिळत नाही, आणि तो दोष नेमणुकीचा नसतो.

वाहनचालकाला लष्कराच्या खर्चाने वाहन चालवण्याचे शिक्षण मिळते, त्यात मोठे ट्रकही येतात. हा लष्करी परवाना वाहतूक पोलिसांकडे अर्ज करून नागरी परवान्यात बदलता येतो. सिंगापूरमध्ये परवाना काढण्याचा खर्च पाहता ही रोख बचतच आहे.

संगणकाकडे ओढा असणाऱ्यांसाठी २०१८ मध्ये सायबर योजना सुरू झाली आणि २०२२ मध्ये डिजिटल व गुप्तवार्ता हे लष्कराचे चौथे दलही स्थापन झाले. या योजनेतील तज्ज्ञ जवानांना काम करता करता विद्यापीठाची श्रेयांके मिळवता येतात, पण त्यासाठी दोन वर्षांपेक्षा अधिक काळाचा करार करावा लागतो. करार वाचताना पदवी किती महिन्यांनी लांबणार आणि किती श्रेयांके पुढच्या विद्यापीठात मान्य होणार, हे दोन आकडे लिहून काढावेत. गाणे-बजावणे किंवा अभिनय करणाऱ्यांसाठी लष्कराचे स्वतंत्र पथक आहे. त्याची निवड चाचणी घेऊन होते.

दोन वर्षांनंतरचा हिशेब

पूर्णवेळ सेवा संपण्याच्या दिवसाला ‘ओआरडी’ म्हणतात, परंतु तेथे सर्व संपत नाही. त्यानंतर दहा वर्षांचे राखीव सेवेचे चक्र सुरू होते आणि वर्षाला चाळीस दिवसांपर्यंत बोलावणे येऊ शकते. राखीव सेवेचे बंधन सामान्य जवानाला वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत, तर ऑफिसरला पन्नासाव्या वर्षापर्यंत असते. त्या काळातला पगाराचा तोटा सरकार भरून देते. ऑफिसर होण्याचा मोह पडलेल्या मुलाला हा आकडा आधी सांगावा, कारण अठराव्या वर्षी पन्नास हे वय फार दूर वाटते.

शेवटच्या तीन महिन्यांत कागद गोळा करावेत. सेवेचे प्रमाणपत्र आपोआप मिळते, पण कामाचे नेमके वर्णन करणारे शिफारसपत्र मागावे लागते आणि ते वरिष्ठाची बदली होण्यापूर्वी मागावे. प्रथमोपचाराच्या प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षांची असते, तेव्हा नूतनीकरणाची तारीख लिहून ठेवावी. वाहन परवाना बदलण्याचा अर्ज लांबवू नये. अर्जात अनुभव लिहिताना ‘भांडार साहाय्यक’ एवढेच लिहून थांबू नये. किती माणसांच्या तुकडीचे साहित्य सांभाळले, मोजणी किती दिवसांनी होत असे आणि नोंदींच्या पद्धतीत स्वतः काय सुधारले, हे दोन ओळींत लिहावे. गोपनीय तपशील मात्र टाळावेत. फुगवून तर काहीच लिहू नये, कारण येथे मुलाखत घेणारा पुरुष बहुधा स्वतःच राखीव सैनिक असतो आणि त्याचा पहिला प्रश्न ‘कोणत्या युनिटमध्ये होतास?’ हाच असतो.